उकिरड्यावरून आणलेला आजा

नावं लिहीत नाई कोणाचीच. आमच्या जातीचंही नाव लिहीत नाई, कारण ते लिहिलं की वाचणारा तिथूनच बाजू धरते अन् पुढचं वाचतच नाई. एवढं पुरे की आमी वैनगंगेच्या काठचे, धान लावणारे, अन् ज्यांना जातीच्या दाखल्यावर पडताळणीचा कागद मागतात त्यातले. मी एसटीत कंडक्टर आहे, एकवीस वर्षं झाली. माहा आवाज मोठा अन् डोस्कं गरम, हे डेपोत कोणालेही विचारा. पण या एका भानगडीत जेवढा राग आला, तेवढा एकवीस वर्षांत कोण्या पॅसेंजरचा आला नाई.

भानगड माह्या भाचीची. मले लेकरू नाई, नवरा लवकर गेला, मी माहेरीच भावाजवळ राहते. भावाची पोरगी माह्याच मांडीवर मोठी झाली. पाचवीत असताना तिच्या डोळ्यादेखत शेजारची बाळंतीण दवाखान्याच्या वाटेवर बैलबंडीतच मेली. तेव्हापासून पोरीनं एकच धरलं, डॉक्टर व्हायचं. आमच्या घरात दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं, आमी हसलो. ती नाई हसली. बारावीत आली तेव्हा मास्तर लोक सांगाले लागले की पोट्टी खरंच नंबरात लागते, पण आरक्षणाच्या यादीतून. अन् त्या यादीसाठी पडताळणी पाहिजे. पडताळणी नाई तर सीट नाई.

पडताळणीले लागते का? बापाचा दाखला, आजाचा दाखला, अन् जमलं तर त्याच्याही बापाचा. कागद जितका जुना तितका खरा. जिता माणूस समोर उभा राहून ओरडला तरी खोटा. आमचा सगळ्यांत जुना कागद म्हणजे माह्या आजाचा, गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातला. भावानं त्याची नक्कल काढून आणली. आजाचं नाव बरोबर, गाव बरोबर. बापाच्या रकान्यात मात्र आमच्या शेजारच्या एका मासे धरणाऱ्या ढिवराचं नाव, अन् जातीच्या रकान्यात लिहिलेलं, ढिवर.

मी तो कागद वाचून त्या मास्तराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मरून किती वर्षं झाली असतील बिचाऱ्याले, पण केला. कारण हे कसं झालं ते आमच्या गावातलं शेंबडं पोरगंही सांगत होतं.

ज्या बाईची लेकरं जगत नाईत, तिले पुढचं लेकरू झालं की ते उकिरड्यावर टाकायची रीत होती. टाकायचं म्हणजे सुपात घालून नेऊन ठेवायचं. मग दुसऱ्या जातीची एखादी बाई, जिची लेकरं धडधाकट आहेत अशी, ते उचलते अन् म्हणते, "हे माह्यं." माय तिले सूपभर कोंडा देते अन् आपलंच लेकरू परत इकत घेते. यमाले वाटावं, हे या घरचं नाईच, जाऊ दे. माह्या पणजीची चार लेकरं गेली होती. पाचवा माहा आजा. त्याले उचललं शेजारच्या ढिवरणीनं. तो जगला, त्याच्या मागून एक भाऊ झाला, तोही जगला. उचलणाऱ्या बाईचा मान असते. पहिलं जावळ तिच्या मांडीवर, अन् शाळेच्या पहिल्या दिवशी पोराचं बोट धरून तीच जाणार. तर ढिवरीण गेली, मास्तरानं विचारलं कोणाचा, तिनं रीतीप्रमाणं म्हटलं माहा, अन् त्या बाहेरगावच्या दीडशहाण्यानं तिच्या नवऱ्याचं नाव लिहून टाकलं. आमच्या घरी ही हसायची गोष्ट होती. लग्नाकार्यात जेवणं झाली की कोणीतरी ती सांगेच.

वकील म्हणाला, घाबरू नका. तुमच्या आजाच्या धाकट्या भावाकडं पडताळणी झालेली आहे. त्यांनी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र द्यावं की आपण एकाच रक्ताचे, अन् उकिरड्याची रीत खरी. काम होते.

धाकट्या आजाले दोन पोरं. मोठा काका गावातच, दोन खेपा सरपंच झालेला. लहाना काका माजरीच्या कोळसा खाणीत उभं आयुष्य काढून तिकडंच राहिलेला. मोठा असताना लहान्याले विचारायचं नाई, अशी आमच्या घरची शिस्त, म्हणून मोठ्याकडं गेलो. बाबा, भाऊ अन् मी. चहा झाला, धानाच्या गोष्टी झाल्या. मग भावानं विषय काढला.

काका म्हणाला, "लिहून देलं असतं गा. पण खोटं कसं लिहू? तुमचा बुढा उकिरड्यावरचा. रजिस्टरच सांगून राह्यलं. आमच्या रक्ताचा होता का नव्हता, कोणं पाह्यलं?"

माहा बाप ब्याऐंशी वर्षांचा. त्यानं कप ठेवला अन् मान खाली घातली.

मी उठलीच. "काका, ज्याच्या पायगुणानं तुमचा बाप जगला, त्याले उकिरड्यावरचा म्हणता? जीभ झडत नाई तुमची?"

"आवाज खाली कर," काका म्हणाला. "हे तुही एसटी नोहे."

खरं कारण मले ठाऊक होतं. त्याच्या पोराची सरकारी नोकरी त्याच पडताळणीवर उभी. आमचं रजिस्टर त्याच्या वंशावळीले चिकटलं अन् उद्या कोणी फाईल उघडली तर? भेव होतं त्याले. भेव वाटते असं म्हणाला असता, तर देवाशपथ, मी समजून घेतलं असतं. पण भेव झाकायसाठी त्यानं माह्या बापाच्या तोंडावर उकिरडा फेकला. रस्त्यानं येताना बाबानं एकच विचारलं, "खरंच नसन का व मी त्याइच्यातला?" मी म्हटलं, "काईबाई बोलू नका." पण तो प्रश्न माह्या डोक्यातून गेला नाई.

मग आमी काय काय केलं, सांगायची सोय नाई. दर तीन-चार वर्षांनी वंशावळ लिहाले येणाऱ्या भाटाले गाठलं. त्याच्या बहीत पणजाखाली दोन पोरं सरळ लिहिलेली, पण वकील म्हणे, भाट लिहिते ते तुमीच सांगतलेलं, त्याले किंमत नाई. गावचं जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक शोधलं, तर त्या वर्षांची पानं वाळवीच्या पोटात. तहसीलीत गेली की साहेब दौऱ्यावर, साहेब आला की बाबू सुट्टीवर. माह्या सगळ्या साप्ताहिक सुट्ट्या त्या बाकड्यावर गेल्या. एका बाबूनं मले विचारलं, "बाई, आजाचा बाप कोण हे तुमाले इतक्या उशिरा काऊन आठवलं?" त्याचा गळा धरायचा बाकी ठेवला मी.

तोडगा भाचीनं काढला. म्हणाली, "आत्या, कागद मेले तर मरू दे. डीएनए करू." तिनं मले वहीत रेघ ओढून दाखवली. बापाकडून पोराले एक खूण जाते, पोराकडून त्याच्या पोराले, पिढ्या गेल्या तरी ती जवळपास तशीच्या तशी राहते. बाईजवळ ती नसते. म्हणजे बाबांच्या गालातून काडी फिरवून घ्यायची, काकाच्या गालातून घ्यायची, अन् दोघांची खूण जुळली की एकाच पुरुषाचे वंशज. मग काकाचं तोंड बंद. मी म्हटलं, वा रे माही वाघीण!

मोठा काका काडी तोंडात घालू देणार नव्हताच. मी माजरीले गेली. लहान्या काकाच्या घरी अंगणातल्या तुळशीवरही कोळशाची काळी धूळ. त्याले सगळं सांगतलं. तो मोठ्याले शिवी देऊन म्हणाला, "आण ते काडी," अन् आ केला. साधा माणूस. भावकीत एकटा तोच माणूस आहे, असं मी गाडीत बसल्या बसल्या मनात म्हटलं.

भाची म्हणाली, "अजून एक घेऊ. ढिवराच्या घरची. ते नाई जुळलं म्हणजे कोणाले बोलाले जागाच राहणार नाई."

ढिवराचं घर आमच्या घरापासून चाळीस पावलांवर. त्या ढिवरणीचा नातू साठीचा, डोंगा चालवते, मासे धरते. त्याच्या दारातून मासे घेण्यातच माह्यं आयुष्य गेलं, पण घरात पाय कधी ठेवला नाई. अन् माह्याहून दहा वर्षांनी मोठा असून मी त्याले 'का रे' म्हणायची. गावात सगळेच म्हणत. मी घाटावर गेली, म्हटलं, "का रे, तोंड उघड जरा, काडी फिरवाची आहे."

"का होते यानं?" त्यानं विचारलं.

"तू आमचा कोणी नाई, हे ठरते."

त्यानं तोंड उघडलं, अन् काडी फिरताना हसला. मले वाटलं, काडीनं गुदगुल्या झाल्या असतील.

दोन महिन्यांनी रिपोर्ट भाचीच्या मोबाईलवर आला. मी ड्युटीवरून येऊन पाय धूत होती. ती मोबाईल धरून दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "फेल झाली का?" ती म्हणाली, "आत्या, माजरीच्या काकाशी तुह्या बाबांचं काईच जुळत नाई. काईच. ढिवराघरच्याशी पूर्ण जुळलं."

मी पहिले त्या कंपनीले शिव्या घातल्या. डबे बदलले असतील, काड्या बदलल्या असतील. मग भाचीले घातल्या, की कोणं सांगतलं होतं तुले हे असले उद्योग कराले! मग चप्पल पायात घातली अन् तशीच तणतणत ढिवराच्या घरी. भाची मागं धावत. तो जाळं दुरुस्त करत बसला होता. मी ओरडली, "तुह्याशी आमचं कसं जुळलं रे?"

त्यानं जाळं बाजूले ठेवलं. आतून त्याची म्हातारी माय आली, नव्वदीची, भिंत धरत धरत. त्या जुन्या ढिवरणीची ती सून. भाचीनं तिले हळू आवाजात सांगतलं की असं असं निघालं. म्हातारी खाली बसली अन् म्हणाली, "मंग? बरोबरच निघालं ना. तुमचा बुढा आमच्याच घरी जन्मला. माह्या नवऱ्याचा सख्खा मोठा भाऊ तो."



तिनं सांगतलं ते तिच्या सासूनं तिले सांगतलेलं. माह्या पणजीचं पाचवं लेकरू उकिरड्यावर नेऊन ठेवलं, ढिवरणीनं सूप उचललं, तर ते थंड झालेलं. पणजी बाजूले उभी राहून रीतीप्रमाणं कोंडा घेऊन वाट पाहून राहिली. तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको पाहून ठेवली होती, हेही गेलं तर हिले काढून देणार होता. ढिवरीण म्हणाली, थांब, आंघोळ घालून आणतो. घरात गेली. तिचं स्वतःचं आठ दिवसांचं पोरगं होतं. ते सुपात घातलं, कोंडा घेतला अन् पणजीच्या हातात देलं. मेलेलं लेकरू तिनं आपलंच म्हणून वाडीत पुरलं. पणजीले कळलं होतं का? म्हातारी म्हणाली, "माय आपलं लेकरू ओळखणार नाई का व?" दोघीही गावात कोणाले बोलल्या नाईत, ढिवरणीनं फक्त आपल्या घरी सांगतलं. शाळेत मात्र ढिवरीण मुद्दाम गेली अन् मास्तराले खरं नाव सांगून आली. एका कागदावर तरी तो तिच्या घरचा राहावा, एवढंच.

म्हणजे मास्तर शहाणा होता. शंभर वर्षं आमी हसलो, ते आमच्यावरच.

माह्या रागाले जागाच राहिली नाई, म्हणून तो तिच्यावरच निघाला. "मंग इतके दिवस सांगतलं काऊन नाई? मी तहसीलीत चपला झिजवून राह्यली, भाट शोधून राह्यली, अन् तुमी इथी गप बसून होते!"

म्हातारी म्हणाली, "बाई, तुमी इचारलंच कधी? आमच्या घरी सगळ्याइले माहीत होतं. तुमच्याकडून कोणी आमच्या घरी येऊन बसलंच नाई. आमी येऊन कसं सांगाचं, का तुमचा बुढा आमचा? तुमी मारलं असतं."

मारलं असतं. खरंच मारलं असतं, अन् सगळ्यांत पुढं मीच असती. काखेत कळसा अन् गावाले वळसा, असं मी दिवसातून दहादा पॅसेंजरले म्हणते. त्या दिवशी मले स्वतःच्या थोबाडीत मारावं वाटलं. भाचीनं वाकून म्हातारीच्या पायावर डोकं ठेवलं. मी नाई ठेवलं. मी घरी आली अन् बाबाले सांगतलं. ते अंगणात जाऊन बसले अन् म्हणाले, "नदीचं पाणी मले लहानपणापासून बरं वाटे." बस, इतकंच.

पण सीटचं का? वकिलाले आडून विचारलं. तो म्हणाला, आता ढिवर म्हणून मागाल तर बापाचे, भावाचे सगळे कागद दुसऱ्या जातीचे. ते फिरवण्यात पोरगी म्हातारी होईल. अन् जुन्या जातीवर मागाल तर हा रिपोर्ट कोणाले दाखवू नका. कागद भरायचे पाच दिवस राहिले होते.

तिसऱ्या दिवशी माजरीचा काका मोटारसायकलवर आला, पिशवीत प्रतिज्ञापत्र घेऊन. मोठ्या भावाले न विचारता, शिस्त मोडून, सही करून आणलेलं. रिपोर्टचं त्याले भावानं फोनवर सांगतलं होतं. म्हणाला, "रक्त गेलं खड्ड्यात. पोट्टी डॉक्टर होते, ते पाहाचं. रिपोर्ट चुलीत घाला. मोठ्याले मी पाहून घेतो." मले त्याच्या पाया पडावं वाटलं. पडलीही. अर्ज भाचीचा, खाली तिचीही सही लागत होती, म्हणून कागद तिच्यापुढं ठेवला अन् म्हटलं, "घाल सही."

तिनं तो पूर्ण वाचला. त्यात लिहिलं होतं की ढिवराघरशी आमचं रक्ताचं कोणतंही नातं नाई, केवळ रीत म्हणून नाव लागलं. ती म्हणाली, "आत्या, हे मी नाई करत."

"काऊन नाई करत?"

"त्या बाईनं पोटचं पोरगं देलं. एका रजिस्टरात तेवढं ठेवलं आपल्या नावावर. तेही मी खोडून घेऊ?"

"ते मरून गेली! तुही जिंदगी आहे समोर!"

बाबा खाटेवरून म्हणाले, "घाल व सही, बाई. मले आता या वयात बाप भेटून का कराचं आहे? तू शीक." त्या नात्यावर ज्याचा सगळ्यांत जास्त हक्क होता, तोच ते सोडून देऊन राह्यला होता. भाऊ हात जोडून उभा. माजरीचा काका छताकडं पाहत. ती बाबाजवळ गेली, त्यांचा हात धरला अन् म्हणाली, "नाई."

मी तिले थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा. तिनं गाल धरला नाई, रडली नाई. कागद घडी करून काकाच्या पिशवीत ठेवला.

सीट गेली. खुल्या यादीत ती थोडक्यात राहिली. आता चंद्रपूरले बीएस्सी करते, अन् पुढच्या वर्षी खुल्यातून पुन्हा बसतो म्हणते. लोक मले सांगतात, किती गुणाची पोरगी. मी म्हणते, गुण घेऊन चाटू का? मले कौतुक-बिवतुक नाई वाटत. राग येते. ज्या देशात पोरीले डॉक्टर व्हायसाठी कधीच्या मेलेल्या बाईले खोटं पाडावं लागते, त्याचा येते. मोठ्या काकाचा येते, तो अजून ताठ मानेनं फिरते. अन् खरं सांगू? सगळ्यांत जास्त राग त्या पोट्टीचाच येते, कारण ती बरोबर होती अन् मी सही मागत होती. सहा महिने मी तिच्याशी धड बोलली नाई.

मागच्या महिन्यात ती सुट्टीवर येताना माह्याच गाडीत चढली. गाडी खचाखच. मी तिकीट फाडून देलं, चेहऱ्याकडं पाह्यलं नाई. तिच्या बाजूले आमच्याच गावाकडची एक बाई बसलेली, मोठ्या काकाच्या बायकोची मैत्रीण. एव्हाना गावभर झालेलं सगळं ठाऊक असून मुद्दाम, गाडीले ऐकू जाईल असं तिनं विचारलं, "कोणाच्या घरची व तू?"

भाची म्हणाली, "ढिवराच्या घरची."

त्या बाईनं मान वळवून माह्याकडं पाह्यलं. हसून राह्यली होती. "का वो कंडक्टरबाई? ही तर तुमची भाची ना?"

एकवीस वर्षांत ओरडली नसन तेवढ्या जोरानं मी ओरडली, "हाव! ढिवराच्याच घरची! मी बी तिथचीच! अजून काई?"